शर्यतीचा हजेरीपट

गुढीपाडव्यानंतरच्या रविवारी सहा जण घरी आले. सगळे माझ्या हाताखालून गेलेले. दोघांचे शेंडी गावाजवळ पर्यटकांसाठी तंबू आहेत, एक जीप चालवतो, एक पोलिसात आहे, एकीने बीएड केलंय आणि एक घरची भातशेती बघतो. पोहे संपले, चहा आला, तरी कुणी विषय काढेना. शेवटी शाळेत कायम मागच्या बाकावर बसणारा जीपवालाच बोलला. "बाई, यंदा धरणाला १०० वर्षं होतायत. डिसेंबरात शर्यत घेऊ या ना परत."

मी म्हटलं, "बघते."

३१ वर्षं मी अकोले तालुक्यात क्रीडाशिक्षिका होते. माझ्या 'बघते'चा अर्थ या पोरांना पाठ आहे. सहल असो, स्नेहसंमेलन असो, बाई 'बघते' म्हणाल्या की विषय मिटला. त्यांनी कपबश्या आत नेऊन ठेवल्या, पाया पडले आणि गेले. पण या वेळी मी खरोखरच बघत होते. दोन महिने झाले, अजून बघतेच आहे. आता गावोगावी पळण्याच्या शर्यती होतात, दर रविवारी कुठे ना कुठे कमान उभी राहते. त्या कमानीमागे काय काय उभं करावं लागतं आणि काय राहून जातं, हे पळणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. म्हणून हे सगळं मांडते आहे.

धरण म्हणजे भंडारदऱ्याचं, प्रवरेवरचं. १९२६ साली पुरं झालं. त्याच्या जलाशयाला पुरा वळसा घालणारा एक रस्ता आहे. शेंडीहून निघालं की मुरशेत, पांजरे, उडदावणे करत घाटघर येतं. तिथे कोकणकडा. मग साम्रद, रतनवाडी आणि मुतखेलवरून परत शेंडी. जाताना उजव्या हाताला कळसूबाईची रांग, पुढे अलंग-मदन-कुलंग, आणि पाण्यापलीकडे रतनगड. एवढा वळसा ५० किलोमीटरचा भरत नाही, म्हणून सुरुवातीला राजूरच्या रस्त्याने थोडं खाली जाऊन परत यायचं. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची. त्यापुढच्या अंतराला पळणारे लोक 'अल्ट्रा' म्हणतात. आमची ५० ची, म्हणजे अल्ट्रातली सगळ्यात धाकटी.

ती का सुरू केली, ते आधी सांगते. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कविता राऊतने १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची आदिवासी मुलगी. दुसऱ्या दिवशी माझ्या शाळेच्या मैदानावर पहाटे अकरा मुली हजर होत्या. त्यातल्या तिघींच्या पायात चप्पलसुद्धा नव्हती. डोंगर चढून शाळेला येणाऱ्या महादेव कोळी आणि ठाकर समाजातल्या या मुली. दमसास त्यांना जन्मापासून होता, पण पळायला शर्यत नव्हती. पुण्या-मुंबईच्या शर्यतींची फी, तिकीट, राहणं, हे त्यांच्या घरून होण्यातलं नव्हतं. मग शर्यतच इकडे आणावी, असं मनात आलं. ते अमलात यायला चार वर्षं गेली. २०१४ च्या डिसेंबरात पहिली शर्यत झाली. ३८ जण पळाले, त्यात १४ माझे विद्यार्थी. पाण्याचे पाच थांबे. घाटघरच्या थांब्यावर एका मावशीने घरचं नाचणीचं आंबील आणलं होतं, रतनवाडीला भाकरी आणि खुरासणीची चटणी. रस्त्यावर खुणा करायला शाळेतलीच चुन्याची फक्की वापरली. शेवटचा माणूस आला तेव्हा आम्ही सगळे, पळणारे आणि पाणी देणारे, एकाच पंगतीत जेवलो.

पुढे ती वाढली. वाढणं कुणाला नको असतं? २०१९ पर्यंत ६०० च्या वर लोक आले. तंबूवाल्यांचे दोन दिवस भरू लागले, गावातल्या बायकांच्या हाती जेवणाचे पैसे पडू लागले. कमान आली, डीजे आला, मेडल आलं, पायातल्या चिपने वेळ मोजणारी मशीन आली. करोनाची दोन वर्षं शर्यत झाली नाही. २०२२ मध्ये लोक इतके आसुसलेले होते की ६४० नावं आल्यावर मी नोंदणी बंद केली. आपण बंद केली, म्हणजे जबाबदारीने वागलो, असं तेव्हा मला वाटलं होतं.

त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास मी साम्रदच्या पुढे जीपमधून मागून येत होते. रस्त्याच्या कडेला एक गृहस्थ उभे होते. चाळिशीचे, अंगाने भरलेले, सावकाश पळणारे. ३८ किलोमीटर झाले होते. हातात पाण्याचा पेला होता. माझी नजर गेली ती त्यांच्या मनगटावर. घड्याळाचा पट्टा मांसात रुतला होता. बोटं टम्म फुगली होती, अंगठी जवळजवळ दिसत नव्हती. मी विचारलं, "काय होतंय?" त्यांनी माझ्याकडे नीट बघून, अगदी सभ्यपणे विचारलं, "ऑफिसची बस इथूनच मिळते ना?"

ऊन लागलं असावं, अंगातलं पाणी कमी झालं असावं, असा माझा समज झाला. मी त्यांना सावलीत बसवलं आणि ओआरएसचा आणखी एक पेला पाजला. स्वतःच्या हाताने, पाठीवर हात फिरवत. त्यांना उलटी झाली. नुसतं स्वच्छ पाणी पडलं. तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

आमच्याकडे रुग्णवाहिका एकच होती आणि ती घोटा मोडलेल्या एका मुलीला घेऊन गेली होती. त्या पट्ट्यात मोबाइलला रेंज नाही. आम्ही त्यांना जीपच्या मागच्या सीटवर झोपवलं. रतनवाडी ओलांडली आणि त्यांना झटका आला. डोळे वर, दातखीळ, सगळं अंग ताठ. मी गुडघे टेकून त्यांचं डोकं धरलं होतं, जीपवाला समोरच्या पळणाऱ्यांना चुकवत गाडी काढत होता, आणि ते पळणारे बाजूला होऊन आम्हाला हात हलवत होते, कारण आत काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं. नाशिकला पोचायला साडेतीन तास लागले.

रक्तातलं सोडियम ११६ निघालं. ते १३५ ते १४५ असावं लागतं. दोन दिवस ते अतिदक्षता विभागात होते. तिसऱ्या दिवशी बोलू लागले, नवव्या दिवशी घरी गेले आणि आज ठणठणीत आहेत. पण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या पत्नीचा फोन आला. आवाजात राग नव्हता. त्या म्हणाल्या, "ताई, डॉक्टर विचारतायत, तुमच्याकडे त्यांना साधारण किती पाणी दिलं गेलं?"

मी हिशेब करायला बसले. पाच थांब्यांवरून सुरू झालेली आमची शर्यत तोवर १६ थांब्यांवर गेली होती, दर तीन किलोमीटरला एक. प्रत्येक स्पर्धकाला आम्ही एक छापील कार्ड द्यायचो. मजकूर माझा. त्यावर होतं: तहान लागायची वाट पाहू नका, प्रत्येक थांब्यावर निदान दोन पेले प्या. थांब्यावरच्या पोरांना माझी ताकीद असायची की कुणालाही कोरडं सोडायचं नाही. ३८ किलोमीटरमध्ये १२ थांबे. २०० मिलिलिटरचे दोन दोन पेले. पावणेपाच लिटरच्या वर, शिवाय त्यांची स्वतःची बाटली. शिस्तीचे गृहस्थ होते. कार्डावर लिहिल्याप्रमाणे वागले.

याला वैद्यकात हायपोनॅट्रेमिया म्हणतात. तासन् तास श्रम चालू असले की शरीर पाणी धरून ठेवणारं संप्रेरक सोडत राहतं, त्यामुळे जादा प्यायलेलं पाणी लघवीवाटे पुरेसं बाहेर पडत नाही. रक्त पातळ होतं, त्यातलं सोडियमचं प्रमाण उतरतं. मग पाणी पेशींमध्ये शिरू लागतं आणि पेशी फुगतात. हाताची बोटं फुगली तर अंगठी घट्ट होते, एवढंच. मेंदू फुगला तर कवटीत त्याला पसरायला जागा नसते. आधी मळमळ, डोकेदुखी, मग भ्रम, झटके, आणि वेळेत ओळखलं नाही तर मृत्यू. बाहेरून हे सगळं ऊन लागल्यासारखंच दिसतं, आणि जवळ उभा असलेला प्रत्येक भला माणूस आणखी पाणी पाजतो. मीठ-साखरेच्या पेयांनीही सुटका होत नाही, कारण त्यांतलं मीठ रक्तातल्यापेक्षा बरंच कमी असतं. ती जास्त प्यायली तरी रक्त पातळच होतं. जोरात पळणाऱ्याला हा धोका कमी, कारण त्याला थांबून प्यायला फुरसत नसते. जो सावकाश येतो, सगळ्या थांब्यांवर टेकतो, सगळ्यांचं ऐकतो, तो सापडतो.

हे मला नवीन होतं, जगाला नव्हतं. दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स शर्यतीत १९८१ साली एक बाई अशाच कोसळल्या होत्या. तिथल्या टिम नोक्स या डॉक्टरांनी त्यामागचं कारण शोधलं आणि १९८५ मध्ये अशी चार उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकात मांडली. तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही, उलट 'प्या, प्या' हा सल्ला जगभर वाढतच गेला. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये २८ वर्षांची एक मुलगी यात गेली. त्याच शर्यतीत ४८८ जणांचं रक्त शेवटच्या रेषेवर तपासलं होतं. त्यांतल्या १३ टक्के लोकांचं सोडियम कमी निघालं, तिघांचं तर जिवावर बेतण्याइतकं. ज्यांचं वजन पळताना कमी व्हायच्या ऐवजी वाढलं होतं, ते त्यात प्रामुख्याने होते. आज सांगतात ते एका ओळीत मावतं: तहान लागली की प्या, नाही लागली तर पिऊ नका.

ते कार्ड माझ्या कपाटात आहे. मी ते मुद्दाम ठेवलंय.

शर्यत मी बंद केली. कुणी तसं सांगितलं नव्हतं, तक्रार झाली नव्हती. त्या गृहस्थांनी तर बरे झाल्यावर पत्र पाठवून आभार मानले. पण त्या दिवसाची दुसरी एक गोष्ट मला जास्त खात होती. संध्याकाळी पाच वाजता पोलिसांनी विचारलं, "रस्त्यावर अजून किती जण आहेत?" आणि मला उत्तर देता आलं नाही. १७ नंबरांचा पत्ता नव्हता. अंधार पडायला लागला, जीप दोनदा वळसा घालून आल्या. रात्री साडेनऊला हिशेब लागला. १३ जण मध्येच सोडून, कुणालाही न सांगता आपापल्या गाड्यांनी घरी गेले होते. तिघं तंबूत झोपले होते. एक मुलगी उडदावण्यात आपल्या आत्याकडे जेवत होती. ३१ वर्षं मी रोज हजेरी घेतली. सहलीला गेले तर बसमध्ये चढताना आणि उतरताना पोरं मोजली. आणि ६४० माणसं जंगलातल्या रस्त्यावर सोडून दिली, ती पायातल्या चिपच्या भरवशावर. ती चिप रेषा ओलांडली की बोलते. जो रेषेपर्यंत आलाच नाही, त्याच्याविषयी ती काहीच सांगत नाही.

चीनमधल्या गान्सू प्रांतातली २२ मे २०२१ ची हकिगत मी त्यानंतर वाचली. १०० किलोमीटरची डोंगरातली शर्यत, १७२ स्पर्धक. आधीची वर्षं सुरळीत गेली होती. त्या दुपारी अचानक गारा, थंडगार पाऊस आणि वादळी वारा आला. लोक अर्ध्या चड्डीत आणि पातळ बनियनवर होते. वाऱ्याला अडवणारं जाकीट सक्तीच्या यादीत नव्हतं. आणि अडकले ते नेमके जिथे गाडी जात नाही अशा उभ्या चढावर. २१ जण गारठून गेले, त्यात त्यांच्या देशातले नावाजलेले धावपटूही होते. झू केमिंग नावाचा एक मेंढपाळ पावसामुळे गुहेत थांबला होता. त्याने पळणाऱ्यांना आत घेतलं, जाळ केला, गोधड्यांत गुंडाळलं आणि सहा जीव वाचवले. मी तो मेंढपाळ डोळ्यांसमोर आणते तेव्हा मला आमच्या साम्रदच्या वरच्या वाडीतला म्हातारा दिसतो. २०२२ मध्ये तो शर्यत बघायला बांधावर बसला होता. त्याला रस्त्याचं प्रत्येक वळण माहीत आहे, कुठून आडवाटेने लवकर पोचता येतं ते माहीत आहे. आम्ही त्याच्या हाती शिट्टीसुद्धा दिली नव्हती.

मग पुन्हा घ्यायचीच कशाला? माझे यजमान हेच विचारतात. "तू रात्री उठून बसतेस, माझीही झोप जाते," म्हणतात. गेली तीन वर्षं डिसेंबरात आम्ही लेकीकडे जातो, ते मला आवडतं. माझे गुडघे दुखतात. शिवाय तो सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या आतबाहेर येतो, आणि पहाटे पाचला तिथे डीजे लावायचा आम्हाला काय अधिकार होता, याचं उत्तर माझ्याकडे नाही. शेवटच्या शर्यतीनंतर रस्त्याकडेच्या कारवीतून आम्ही प्लास्टिकचे पेले वेचले, ते गोणपाटांनी मोजले.

पण दुसरी बाजूही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. २०१७ ला बायकांत दुसरी आलेली आमची एक ठाकर मुलगी, पाड्यावर वीजही धड नव्हती, ती आज पोलीस आहे. पाडव्यानंतर घरी आलेल्या सहांतली ती एक. पोलीस भरतीला मुलींना ८०० मीटर पळावं लागतं, मुलांना १६००. पहाटे आमच्या रस्त्यांवर पळताना दिसतात ती बहुतेक भरतीची पोरं. ती एकेकटी, अंधारात, ट्रकच्या दिव्यांपासून बाजूला होत पळतात. शर्यत होती तेव्हा त्यांना एक दिवस असा मिळायचा, जेव्हा सगळा रस्ता त्यांचा असायचा आणि गाव दुतर्फा उभं राहून त्यांच्या नावाने ओरडायचं. मुलगी पळते म्हणून आई रस्त्यावर येऊन टाळ्या वाजवते, हे मी बघितलंय. त्या आईने त्यापूर्वी मला सांगितलं होतं, की पोरीला पळायला पाठवणार नाही, लोक काय म्हणतील.

आणि बंद पडलेल्या शर्यती पुन्हा उभ्या राहतात, हेही खरं आहे. वर सांगितलेली कॉम्रेड्स विक क्लॅपम नावाच्या माणसाने पहिल्या महायुद्धात गेलेल्या सोबत्यांच्या स्मरणासाठी सुरू केली, २४ मे १९२१ ला. डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग या शहरांमधला साधारण ९० किलोमीटरचा रस्ता. ३४ जण निघाले, १६ पोचले. दुसऱ्या महायुद्धात ती पाच वर्षं बंद होती, करोनात दोन वर्षं. दोन्ही वेळा परतली. त्या शर्यतीतली एक रीत मला फार भिडते. १२ तास पुरे व्हायला आले की एक पदाधिकारी शेवटच्या रेषेवर, येणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो आणि ठरल्या सेकंदाला बंदूक उडवतो. त्यानंतर कुणालाही रेषा ओलांडता येत नाही, मग तो एका पावलावर असला तरी. पाठ करायची ती एवढ्यासाठी, की येणाऱ्याचा चेहरा बघून हात थबकू नये. मला हे कधी जमलं नाही. आमची मुदत नऊ तासांची, पण दरवर्षी मी कुणाकुणासाठी ती ताणत गेले. "येऊ दे रे, एवढा आलाय बिचारा." त्या माझ्या 'येऊ दे'पायी रतनवाडीच्या थांब्यावरची पोरं अंधारापर्यंत अडकायची आणि थकलेला माणूस आणखी थकायचा. पाठ करून उभं राहणाऱ्या त्या माणसाला माझ्यापेक्षा माया कमी आहे, असं मी आता म्हणणार नाही.

रुग्णवाहिकेचा प्रश्न मात्र नुसता माझ्या मनाचा नाही. १०८ ची गाडी शर्यतीच्या दिवशी शेंडीला उभी ठेवा, असं पूर्वी आम्ही विनंती करून मागायचो आणि मिळाली की खूश व्हायचो. आता विचार केला की अंगावर काटा येतो. घाटघरच्या बाळंतिणीसाठी आलेली ती गाडी. कोणाला साप चावला, कोणाला झटका आला, तर तीच. हौसेने पळायला आलेल्या शहरातल्या माणसासाठी ती अडकवून ठेवायची, हे बरोबर नाही. शर्यत घ्यायची तर स्वतःच्या दोन गाड्या, डॉक्टरसह, भाड्याने आणायच्या. एक घाटघरला, एक रतनवाडीला. एक रुग्ण घेऊन गेली की दुसरी मध्यावर सरकेल. दुसरीही गेली, तर शर्यत जिथल्या तिथे थांबेल, जो ज्या थांब्यावर असेल त्याने तिथेच बसायचं. हे आधी लिहून, सह्या घेऊन.

मे महिन्यातल्या एका शनिवारी मी, जीपवाला आणि बीएड झालेली मुलगी असे तिघं वळसा घालायला निघालो. शनिवार मुद्दाम धरला. काजव्यांचे दिवस, नाशिक-पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रीघ लागते, आणि डिसेंबरातल्या सुट्टीच्या दिवशी साधारण तशीच असते. साम्रदच्या पुढे, ते गृहस्थ उभे होते तिथे आम्ही थांबलो. पाणी पार तळाला गेलं होतं, गाळाला भेगा पडल्या होत्या, दोन पोरं त्यात क्रिकेट खेळत होती. मी घड्याळ लावलं आणि म्हटलं, "चल, आता मागे माणूस झोपलाय असं समज." त्याने गाडी काढली. मुतखेलच्या अलीकडे दोन बस समोरासमोर अडकल्या होत्या, तिथे २५ मिनिटं गेली. जवळच्या रुग्णालयाच्या दारात पोचलो तेव्हा १ तास ५० मिनिटं झाली होती.

म्हणजे मदत तिथून आणायची नाही, ती रस्त्यावरच असायला हवी, आणि माणसं तिला पुरतील एवढीच हवीत. परतताना शेंडीला चहाच्या टपरीवर बसून आम्ही कागद काढला. १६ ऐवजी आठ थांबे. पेले नाहीत, ज्याने त्याने आपला पेला कमरेला लावून आणायचा. डीजे नाही. टी-शर्ट नाही. मेडलच्या जागी गावच्या काळभाताचा एक किलो तांदूळ, म्हणजे ते पैसेही इथेच राहतील. तालुक्यातल्या ४० मुलामुलींना फी नाही, बाकीच्यांच्या फीमधून दोन रुग्णवाहिका, तीन जीप, विमा आणि जेवण जेमतेम भागतं. वरच्या वाडीतला म्हातारा आणि त्याच्यासारखे पाच जण, वॉकीटॉकी आणि शिट्टी घेऊन, रेंज नसलेल्या पट्ट्यात. कार्डावर एकच ओळ. सगळ्यांच्या मागून चालत येणारी व्यक्ती मी, कारण गुडघ्यांना तेवढं झेपतं आणि माझ्यामागे कुणी उरलेलं नाही हे मला स्वतःला बघायचंय. वेळेची बंदूक मात्र माझ्या हातात नको. ती पोलीसबाईंकडे.

"मग किती जण धरायचे, बाई?" बीएडवालीने विचारलं. "दोन-अडीचशे? तेवढे नसले तर प्रायोजक उभा राहत नाही."

मी तिला विचारलं, "तू वर्गात किती पोरांची हजेरी नीट घेतेस? चेहरा बघून, नुसता आकडा मोजून नाही."

"चाळीस," ती म्हणाली. "पंचेचाळीस झाली की एखादं सुटतं."

"तशा तीन तुकड्या करू. अ, ब, क. प्रत्येक तुकडीचा नंबर वेगळ्या रंगाचा. प्रत्येक थांब्यावर तीन जण, तिघांकडे तीन हजेरीपट. येईल त्याच्यापुढे खूण, सोडून जाईल त्याची सही. पुढच्या थांब्याला दर अर्ध्या तासाला वाचून दाखवायचं."

जीपवाल्याने खिशातून पेन काढून तिच्यापुढे धरलं. ग्रामपंचायतींना द्यायच्या अर्जाचा कच्चा मसुदा त्याने घरूनच लिहून आणला होता. तारीख, वेळ, मार्ग सगळं भरलेलं. फक्त स्पर्धकांच्या संख्येची जागा रिकामी होती.

"लिही," मी म्हटलं. "एकशे वीस."

"आणि एकशे एकविसावा आला तर?"

"त्याला हजेरीपट धरायला उभा करायचा."

तिने आकडा लिहिला, शाई वाळू दिली आणि अर्ज माझ्याकडे सहीला सरकवला.